वेड्यांच्या इस्पितळापासून व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत : व्यसन व मनोविकार यांच्या निवासी उपचारांचा ऐतिहासिक अभ्यास (१८५८ ते २०१७)

सारांश

व्यसनाधीनता आणि मनोविकार हे एकाच व्यक्तीत अनेकदा एकत्र आढळतात. असे असूनही त्यांच्या उपचारांच्या संस्था, कायदे आणि शासकीय खाती दीर्घकाळ वेगवेगळी राहिली. प्रस्तुत शोधनिबंधात भारतातील, विशेषतः मुंबई इलाखा व नंतरच्या महाराष्ट्रातील निवासी उपचारांचा इतिहास १८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीच्या कायद्यापासून २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यापर्यंत तपासला आहे. नशा हे वेडाचे कारण की वेडाचे लक्षण, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडाने निराळे दिले आणि त्या उत्तरावरच रुग्णाला कोठे ठेवावयाचे हे ठरत गेले, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : व्यसनाधीनता, मनोविकार, सहविकार, निवासी उपचार, गांजा आयोग, मुक्तांगण, पुनर्वसन.

प्रस्तावना

व्यसनाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी समाजात परंपरेने चालत आल्या आहेत. पहिल्या दृष्टीनुसार व्यसन हे पाप किंवा नैतिक दौर्बल्य होय. दुसऱ्या दृष्टीनुसार तो गुन्हा होय. तिसऱ्या दृष्टीनुसार तो आजार होय. या तीन दृष्टींना अनुसरून मंदिर वा मठ, तुरुंग आणि रुग्णालय या तीन जागा व्यसनी माणसासाठी योजल्या गेल्या. मनोरुग्णाच्या बाबतीतही हाच क्रम आढळतो. मात्र जो माणूस एकाच वेळी व्यसनी आहे आणि मनोरुग्णही आहे, त्याच्यासाठी नेमकी जागा कोणती, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

मराठी समाजात व्यसनाची चर्चा कमी झाली, असे म्हणता येणार नाही. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा वकील सनद रद्द झाल्याच्या मानभंगातून मद्याकडे वळतो आणि अखेर विष घेऊन जीवन संपवितो. अपमान, नैराश्य, मद्य आणि आत्मनाश यांची साखळी मराठी प्रेक्षकाने त्या काळी रंगमंचावर पाहिली. परंतु नाटकातील एकाही पात्राला सुधाकरला उपचारासाठी कोठे न्यावे असे सुचत नाही. हा नाटककाराचा दोष नव्हे. तशी जागाच त्या समाजात अस्तित्वात नव्हती. ती जागा कशी निर्माण झाली, याचा शोध घेणे हे या अभ्यासाचे प्रयोजन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वसाहतकालीन वेड्यांच्या इस्पितळांत नशा व वेड यांचा संबंध कसा नोंदविला गेला, हे पाहणे.
२) व्यसनाच्या निवासी उपचारपद्धती परदेशात कशा घडल्या आणि भारतात कोणत्या मार्गाने आल्या, याचा मागोवा घेणे.
३) १९८० नंतर महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या व्यसनमुक्ती केंद्रांचे स्वरूप समजून घेणे.
४) सहविकार असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने या इतिहासाचे मूल्यमापन करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांच्या तरतुदी, आयोगांचे अहवाल, राष्ट्रीय सर्वेक्षणे आणि प्रकाशित वाङ्मय या साधनांचा आधार घेतला आहे. ‘वेड्यांचे इस्पितळ’ ही संज्ञा आज वापरातून गेली असून ती येथे केवळ तत्कालीन संस्थांच्या संदर्भात योजली आहे.

वसाहतकाळ : नशा हे वेडाचे कारण

१८५७ च्या उठावानंतर भारताचा कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. त्याच सुमारास, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा छत्तिसावा कायदा संमत झाला. या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेड्या माणसास पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने तो इस्पितळात दाखल होई. म्हणजे रुग्णाचा इस्पितळात येण्याचा मार्ग घरातून नव्हे, तर बहुधा पोलीस ठाण्यातून जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथे अशी इस्पितळे होती. मध्य प्रांतात नागपूर व जबलपूर येथे ती होती.

प्रत्येक रुग्णासोबत एक वर्णनपत्रक येत असे. त्यात वय, जात, धंदा यांबरोबर ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. तो भरण्याचे काम प्रत्यक्षात पोलिसांकडून मिळालेल्या माहितीवर अवलंबून होते. रुग्ण बैरागी किंवा फकीर असेल, त्याच्या झोळीत चिलीम सापडली असेल, अथवा शेजाऱ्यांनी तो गांजा ओढतो असे सांगितले असेल, तर या रकान्यात ‘गांजा’ लिहिले जाई. इस्पितळाचे अधीक्षक हीच नोंद पुढे वार्षिक विवरणात उतरवून घेत. अशा नोंदींच्या बेरजेतून हिंदुस्थानातील वेडाचे एक प्रमुख कारण गांजा होय, असा समज दृढ झाला आणि तो थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचला.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात यासंबंधी प्रश्न उपस्थित झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत सरकारने गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे आयोगाचे अध्यक्ष होते आणि सदस्यांमध्ये तीन भारतीय होते. मुंबई इलाख्यातील अहमदनगर व मध्य प्रांतातील खांडवा हे परिसर गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असल्याने मराठी भाषक प्रदेशाचा या चौकशीशी निकटचा संबंध होता. आयोगाने देशभरात ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून ऑगस्ट १८९४ मध्ये आपला अहवाल सादर केला.

या अहवालातील इस्पितळांविषयीचा भाग आजही अभ्यासनीय आहे. १८९२ या एका वर्षात देशातील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा वा तत्सम पदार्थ असे नोंदविलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरणाची मुळापासून फेरतपासणी केली. नातेवाईक व गावकरी यांच्याकडे पुन्हा चौकशी झाली. या तपासणीनंतर २२२ पैकी केवळ ९८ प्रकरणांत गांजाचा संबंध मान्य करण्याजोगा ठरला. त्यांतही ६१ प्रकरणांतच तो एकमेव कारण असल्याचे दिसले. उरलेल्या ३७ प्रकरणांत आनुवंशिकता, आजार वा अन्य कारणेही सोबत होती.

आयोगाचा निष्कर्ष समतोल होता. मर्यादित सेवनाने मनावर दुष्परिणाम होत नाही. मात्र अतिसेवन हे मानसिक अस्थिरतेचे चिन्ह असते आणि ते ती अस्थिरता वाढवितेही, विशेषतः जेथे मूळची दुर्बलता वा आनुवंशिक प्रवृत्ती असते तेथे, असे आयोगाने मांडले. आजच्या परिभाषेत ज्याला सहविकार म्हटले जाते, त्याचे बीज या मांडणीत स्पष्ट दिसते. नशा व वेड यांचा संबंध एकेरी नसून दुहेरी आहे, ही गोष्ट १८९४ साली शासकीय अहवालात नोंदली गेली होती.

तथापि या निष्कर्षाचा उपयोग उपचारासाठी झाला नाही. आयोग मुळात महसूल व नियंत्रण यांच्या धोरणासाठी नेमलेला होता. संपूर्ण बंदी न घालता कर व परवाने यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, ही त्याची शिफारस स्वीकारली गेली. इस्पितळातील रुग्णाच्या वाट्याला मात्र पूर्वीचीच कोठडी राहिली. नशा उतरल्यावर काही रुग्ण लवकर शुद्धीवर येत व त्यांना सोडून दिले जाई. जे शुद्धीवर येत नसत ते तेथेच राहत. सुटलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे पाहण्याची व्यवस्था नव्हती. १९१२ च्या कायद्याने या व्यवस्थेची पुनर्रचना केली व १९२० च्या दशकाच्या आरंभी इस्पितळांचे नामांतर ‘मनोरुग्णालय’ असे झाले. परंतु व्यसनी रुग्णासाठी स्वतंत्र विचार त्यातून उभा राहिला नाही.

परदेशातील प्रयोग : विभक्त जागेची कल्पना

व्यसनी माणसाला वेड्यांपासून व गुन्हेगारांपासून वेगळे ठेवून उपचार करावेत, ही कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजली. डॉ. बेंजामिन रश यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच अतिमद्यपानाचा विचार आजार म्हणून केला होता. पुढे न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे १८६४ साली मद्यपींसाठी खास बांधलेले निवासी रुग्णालय सुरू झाले. मात्र १८७९ नंतर त्याच इमारतीचे रूपांतर दीर्घकालीन मनोरुग्णांच्या इस्पितळात करण्यात आले. दोन्ही प्रकारच्या रुग्णांची गरज समाजाला एकाच वेळी भागविता आली नाही. एकाला बाहेर काढूनच दुसऱ्याला जागा मिळाली.

विसाव्या शतकात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली एक अवाढव्य संस्था उभारली गेली. ती अर्धी तुरुंग व अर्धी रुग्णालय होती. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण तेथे एकत्र राहत आणि शेतीवर काम करीत. शुद्ध हवा, श्रम व शिस्त यांमुळे माणूस सुधारतो, अशी त्यामागील धारणा होती. परंतु येथून न्यूयॉर्क शहरात परतलेल्या रुग्णांची जी पाहणी १९६२ साली प्रसिद्ध झाली, तीत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळल्याचे आढळले. संस्थेतील निवास कितीही उत्तम असला, तरी बाहेरील जीवनाशी त्याची सांगड नसेल तर तो टिकत नाही, हा धडा या पाहणीने दिला. १९७४ साली ही संस्था या स्वरूपात बंद झाली.

याच काळात मिनेसोटा राज्यात निराळी पद्धत विकसित झाली. तेथील विल्मर या शासकीय मनोरुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली व मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी १९५० च्या दशकात मद्यपी रुग्णांचे विभाग इतर मनोरुग्णांपासून वेगळे केले, त्यांची कुलपे काढली आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तींना समुपदेशक म्हणून नेमले. १९४९ साली सुरू झालेल्या हेझल्डन या संस्थेत ही पद्धत पुढे बहरली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व अनुभवी समुपदेशक यांचा चमू, सुमारे अठ्ठावीस दिवसांचा निवास, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची बारा पावले आणि नंतरचा पाठपुरावा ही तिची वैशिष्ट्ये होत.

या पद्धतीने व्यसनी माणसाला प्रतिष्ठा दिली. परंतु ज्या विभक्ततेतून ती जन्मली, तिची किंमतही होती. ज्याला व्यसनाबरोबर भ्रम, तीव्र नैराश्य वा उन्माद आहे, त्याला व्यसनमुक्ती केंद्र ‘आधी मनोविकार बरा करून या’ असे सांगू लागले आणि मनोरुग्णालय ‘आधी दारू सोडून या’ असे सांगू लागले. काही व्यसनमुक्ती गटांत मनोविकारावरील औषधे म्हणजेही एक प्रकारची नशाच, असा गैरसमज पसरला होता. त्यामुळे अनेकांनी आवश्यक औषधे सोडून दिली.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका विस्तृत लोकसंख्या-पाहणीने या विभक्ततेवर शास्त्रीय प्रश्नचिन्ह उभे केले. मद्यविकार असलेल्यांपैकी ३७ टक्के आणि अन्य मादक द्रव्यांचा विकार असलेल्यांपैकी ५३ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा तरी दुसरा एखादा मनोविकार झाल्याचे तीत आढळले. सहविकार हा अपवाद नसून ती नेहमीची परिस्थिती आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. डॉ. केनेथ मिंकॉफ व डॉ. रॉबर्ट ड्रेक आदी अभ्यासकांनी एकाच चमूने, एकाच ठिकाणी, दोन्ही विकारांवर एकत्र उपचार करण्याची एकात्मिक पद्धत मांडली. अर्थात २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात कोणतीही एकच मनोसामाजिक उपचारपद्धती इतरांहून निःसंशय श्रेष्ठ ठरल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. एकत्रित उपचारांचे तत्त्व व्यापक प्रमाणात मान्य झाले असले, तरी ते प्रत्यक्षात कसे आणावे याविषयी शास्त्राचे काम संपलेले नाही.

स्वातंत्र्योत्तर भारत : बंदीकडून उपचाराकडे

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने व्यसनाच्या प्रश्नाला दारूबंदीने उत्तर दिले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हे त्याचे मुख्य साधन होते. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातही मादक पेयांवरील बंदीचे मार्गदर्शक तत्त्व समाविष्ट झाले. या धोरणात पुरवठा रोखण्यावर भर होता. ज्याला व्यसन जडलेले आहे त्याच्या उपचाराचा विचार गौण राहिला.

१९८० च्या दशकात परिस्थिती झपाट्याने बदलली. ब्राऊन शुगर म्हणजेच गर्द मुंबई, पुण्यासारख्या शहरांत सहज मिळू लागले. ते बंद केल्यावर होणाऱ्या यातना, ज्यांना व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणत, इतक्या तीव्र असत की घरच्या घरी व्यसन सोडणे बहुतेकांना अशक्य होई. मध्यमवर्गीय कुटुंबांतील तरुण त्यात सापडू लागल्याने समाजही जागा झाला. १९८५ साली मादक द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा केंद्रीय कायदा अस्तित्वात आला. त्यात कठोर शिक्षांबरोबरच उपचार केंद्रे स्थापण्याची तरतूदही होती. व्यसनी हा गुन्हेगार आहे व रुग्णही आहे, ही दुविधा या कायद्यातही दिसून येते.

याच दशकात स्वयंसेवी प्रयत्नांतून निवासी केंद्रे उभी राहिली. चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यपानजन्य मृत्यूनंतर १९८० साली टी. टी. के. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली. त्यांनी हेझल्डन येथे प्रशिक्षण घेतले होते. मिनेसोटाची पद्धत भारतात येण्याचा हा एक महत्त्वाचा मार्ग होय. मुंबईत वांद्रे येथे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनची स्थापना केली. तेथे बारा पावलांच्या जोडीला अय्यंगार योगाची जोड देण्यात आली.

मुक्तांगण : मनोरुग्णालयाच्या आवारातील प्रयोग

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पत्रकार व लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी अशा रुग्णांसाठी केंद्र काढण्याकरिता एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले.

या जागेला दुहेरी अर्थ होता. ‘येरवड्याला पाठवणे’ हा पुण्यात वेडेपणाचा वाक्प्रचार आहे. त्यामुळे तेथे दाखल होणे म्हणजे कुटुंबाला कलंक वाटे. दुसऱ्या बाजूने, केंद्राची सूत्रे मनोविकारतज्ज्ञाच्या हाती असल्याने व्यसनामागील मन पाहण्याची दृष्टी संस्थेला आरंभापासून लाभली. विल्मरमध्ये व्यसनमुक्तीची नवी पद्धत मनोरुग्णालयातून बाहेर पडली. येरवड्यात ती मनोरुग्णालयाच्या कुंपणाच्या आत जन्मली. पुढे मुक्तांगण स्वतःच्या स्वतंत्र इमारतीत गेले.

मुक्तांगणच्या उपचारांत पस्तीस दिवसांचा निवास, वैद्यकीय उपचार, समुपदेशन, गटसभा, योग व सामूहिक कामे यांचा समावेश होतो. व्यसनातून बाहेर आलेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आणि ठिकठिकाणची पाठपुरावा केंद्रे यांमुळे उपचार केंद्राच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. महिलांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग पुढील काळात सुरू झाला. स्त्रियांचे व्यसन कुटुंबे अधिक लपवितात आणि त्यांना निवासी उपचार मिळणे अधिक कठीण असते, हे लक्षात घेता हा टप्पा महत्त्वाचा ठरतो. डॉ. सुनंदा अवचट यांचे १९९७ साली व अनिल अवचट यांचे २०२२ साली निधन झाले. संस्थेची धुरा त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे नेली.

येथे ‘निवास’ या घटकाचे वैद्यकीय महत्त्वही लक्षात घेतले पाहिजे. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या माणसात दिसणारे नैराश्य हे पुष्कळदा मद्याचाच परिणाम असते आणि मद्य पूर्ण बंद झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत ते ओसरते. जे ओसरत नाही, त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. म्हणजे मनोविकार मूळचा आहे की नशेतून उद्भवलेला आहे, हे ठरविण्यासाठी नशामुक्त स्थितीतील काही आठवड्यांचे निरीक्षण आवश्यक असते. चार ते पाच आठवड्यांचा निवास हा या अर्थाने केवळ उपचाराचा नव्हे, तर निदानाचाही काळ होय. १८९२ च्या वर्णनपत्रकातील जो रकाना पोलिसांच्या ऐकीव माहितीवर दाखल होतानाच भरला जाई, तो योग्य रीतीने भरण्यास इतका अवधी लागतो. मात्र हे निरीक्षण करणारा मनोविकारतज्ज्ञ केंद्रात नियमित येत असेल, तरच या अवधीचा उपयोग होतो.

कायदा व प्रशासन : दोन खाती, एक रुग्ण

व्यसन व मनोविकार यांची फारकत कायद्यात व प्रशासनातही उतरली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खात्याने सुरू केला. व्यसनमुक्तीसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना मात्र त्याच दशकाच्या मध्यास कल्याण खात्याने, म्हणजे आजच्या सामाजिक न्याय खात्याने, हाती घेतली. १९८८ साली आरोग्य खात्याने शासकीय रुग्णालयांसाठी स्वतःचा वेगळा व्यसनमुक्ती कार्यक्रम सुरू केला. एका खात्याकडे समुपदेशक व पुनर्वसन, तर दुसऱ्या खात्याकडे डॉक्टर व औषधे, अशी ही वाटणी झाली. सहविकार असलेला रुग्ण या दोहोंच्या मध्ये उभा राहिला.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या पाचव्या कलमात व्यसनी व्यक्तींसाठी स्वतंत्र मनोरुग्णालये स्थापण्याची मुभा होती. म्हणजे कायद्याने व्यसनी माणसाला मानसिक आरोग्याच्या कक्षेत घेतले, पण वेगळ्या इमारतीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. नोंदणी व देखरेख नसलेली निवासी संस्था किती घातक ठरू शकते, हे या दुर्घटनेने देशाला दाखविले. निवास हा उपचार आहे की कोंडी आहे, हा जुनाच प्रश्न त्यातून नव्याने पुढे आला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश त्याने ‘मानसिक आजार’ या व्याख्येतच केला. निवासी उपचार देणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक झाली. रुग्णाची संमती, त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्यावरील मर्यादा व त्यावर दाद मागण्याची सोय यांचीही तरतूद झाली. १८५८ च्या कायद्यात रुग्ण हा दंडाधिकाऱ्याच्या हुकमाचा विषय होता. २०१७ च्या कायद्यात तो हक्कधारक नागरिक झाला. हा या इतिहासातील सर्वांत मोठा बदल होय.

परंतु कायद्यातील व्याख्या एक झाल्याने सेवा आपोआप एक होत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्र त्यात नव्हता. या सर्वेक्षणात मद्यविकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मादक पदार्थांच्या वापरावरील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकीला कोणता तरी उपचार मिळाला होता, तर रुग्णालयात वा केंद्रात राहून उपचार मिळालेली व्यक्ती १८० पैकी एक होती. या एका व्यक्तीलाही व्यसन आणि मनोविकार या दोहोंवर एकाच ठिकाणी उपचार मिळतील, याची शाश्वती नाही.

निष्कर्ष

१) वसाहतकाळात नशा हे वेडाचे कारण मानून व्यसनी व मनोरुग्ण यांना एकाच कोठडीत ठेवले गेले. हे एकत्रीकरण उपचारासाठी नव्हते, बंदोबस्तासाठी होते.

२) १८९३-९४ च्या आयोगाने नशा व वेड यांचा परस्परसंबंध दुहेरी असल्याचे दाखवून दिले होते, परंतु महसुली धोरणाच्या चौकटीत हे ज्ञान उपचारापर्यंत पोहोचले नाही.

३) विसाव्या शतकाच्या मध्यास व्यसनी रुग्णाला मनोरुग्णालयातून वेगळे काढण्यात आले. त्यामुळे त्याला प्रतिष्ठा व आशा मिळाली. मात्र ज्याला दोन्ही विकार आहेत तो दोन्ही दारांबाहेर राहिला.

४) महाराष्ट्रात मुक्तांगणसारख्या संस्थांनी वैद्यकीय दृष्टी, अनुभवी कार्यकर्ते, कुटुंबाचा सहभाग व पाठपुरावा यांची सांगड घालून लेक्सिंग्टनच्या अपयशातून मिळणारा धडा प्रत्यक्षात उतरविला.

५) २०१७ च्या कायद्याने व्याख्येच्या पातळीवर फारकत संपविली असली, तरी दोन खात्यांत विभागलेल्या सेवांचे एकत्रीकरण हे काम शिल्लक आहे. प्रत्येक निवासी व्यसनमुक्ती केंद्रात मनोविकारतज्ज्ञाची नियमित उपस्थिती आणि प्रत्येक शासकीय मनोरुग्णालयात व्यसनोपचाराची सोय, ही या दिशेने किमान गरज होय.

समारोप

दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासात इस्पितळांची नावे बदलली, कायदे बदलले, कुलपे निघाली. जुन्या वर्णनपत्रकातील एक सवय मात्र चिवटपणे टिकून राहिली, ती म्हणजे रुग्णाच्या दुःखाला एकाच रकान्यात एकच कारण लिहिण्याची. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. व्यसनाचा आरंभ आणि अनेक गंभीर मनोविकारांचा आरंभ हे दोन्ही बहुधा विद्यार्थीदशेच्या वयातच होतात. वर्गात गैरहजर राहणारा, अभ्यासात अचानक मागे पडलेला विद्यार्थी ‘व्यसनी’ आहे असे कानावर आले, म्हणजे त्याच्याविषयीची चौकशी संपली असे समजणे हे १८९२ च्या पोलीस नोंदीवर समाधान मानण्यासारखे होईल. त्या वर्षीच्या २२२ नोंदींपैकी १२४ नोंदी फेरतपासणीत टिकल्या नाहीत, ही वस्तुस्थिती शिक्षण संस्थांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.